ख्रिस्ती मंडळीचा जमाखर्च व तिचे सभासद : वणी परिसराच्या संदर्भात एक विवेचन

धर्मसंस्थेच्या पैशासंबंधी चर्चा निघाली की ती बहुधा अपहाराच्या दिशेने वळते. हिशेब खरा की खोटा, एवढाच प्रश्न विचारण्याजोगा आहे, अशी समजूत त्यामागे असते. परंतु हिशेब खरा असणे आणि तो समजणे ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ज्या मंडळीचा जमाखर्च पैपैशाने जुळतो, लेखापरीक्षकाने ज्याच्यावर एकही आक्षेप घेतलेला नाही, त्याच मंडळीतील दर रविवारी थैलीत पैसे टाकणाऱ्या सभासदास आपल्या पैशाचे पुढे काय होते हे सांगता येत नाही, असे घडू शकते. किंबहुना असेच घडण्याचा संभव अधिक असतो. त्याची कारणे कोणाच्या लबाडीत नसून हिशेबाचा कागद आजवर कोणासाठी लिहिला गेला ह्या इतिहासात आहेत. त्या कारणांचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील वणी हे स्थळ ह्या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे. १९०५ पर्यंत सबंध जिल्हाच ‘वणी’ अथवा इंग्रजी दप्तरातील ‘वून’ ह्या नावाने ओळखला जाई. लोकनायक बापूजी अणे ह्यांचे हे जन्मस्थान. रंगनाथस्वामींचे देवस्थान, कापसाचा व्यापार आणि अलीकडच्या काळात दगडी कोळशाच्या खाणी ही त्याची आजची ओळख. यवतमाळ, वणी, दारव्हा, उमरी ह्या टापूत ज्या प्रोटेस्टंट मिशनने काम केले ते अमेरिकेतील फ्री मेथॉडिस्ट चर्चचे. ह्या चर्चचे पहिले प्रतिनिधी अर्नेस्ट व फीबी वॉर्ड हे दांपत्य १८८१ मध्ये हिंदुस्थानात आले व त्यांनी प्रथम बऱ्हाणपूर येथे कार्य आरंभिले; पुढे यवतमाळ हे मिशनचे मुख्य ठाणे झाले. १९५३ मध्ये यवतमाळ येथे स्थापन झालेली व १९८३ मध्ये पुण्यास हलविलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी ही त्याच वातावरणातून उभी राहिली.

मिशनच्या काळात पैसा कोठून येई आणि त्याचा जाब कोणास दिला जाई, हे पाहिले म्हणजे पुढील सर्व गोष्टींचा उलगडा होतो. शाळा, दवाखाना, अनाथाश्रम, बायबल-स्त्रियांचे वेतन, बंगल्यांची दुरुस्ती ह्या सर्वांचा भार मुख्यतः समुद्रापलीकडच्या देणगीदारांवर होता. साहजिकच वृत्तांत त्यांच्यासाठी लिहिला जाई आणि तो इंग्रजीत असे. दुष्काळात किती मुले वाचविली, अमुक रकमेत एका मुलाचे वर्षभराचे पालन कसे होते, ही माहिती अमेरिकेतील एखाद्या खेड्यातील स्त्रीस मिळे. वणीच्या बाजारपेठेजवळ राहणाऱ्या ख्रिस्ती गृहस्थास ती मिळण्याचे काही कारण नव्हते, कारण पैसा त्याचा नव्हता. ही गोष्ट एकट्या ह्या मिशनची नव्हे. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनास आधार देणारी रमाबाई असोसिएशन १८८७ मध्ये बोस्टन येथे स्थापन झाली व तिचे वार्षिक अहवाल तेथील सभासदांकरिता निघत. जो देतो त्याला हिशेब, हा न्याय चुकीचा म्हणता येणार नाही. प्रश्न एवढाच की, देणारा बदलल्यावर हिशेबाची दिशा बदलली काय?

देणारा बदलावा हा विचार फार जुना आहे. अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन हे १८५४-५५ मध्ये हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले. स्थानिक मंडळ्यांनी आपला कारभार आपण करावा, आपला खर्च आपण सोसावा व आपला प्रसार आपण करावा, हे त्यांचे प्रसिद्ध सूत्र आहे. पुढील शंभर वर्षे ‘स्वावलंबन’ हा शब्द महाराष्ट्रातील ख्रिस्ती परिषदांत घुमत राहिला. पण त्या चर्चेत भर राहिला तो सभासदास द्यावयास शिकविण्यावर. दशांश, कापणीचे अर्पण, उपकारस्तुतीचे दान ह्यांवर प्रवचने झाली. जमाखर्च ऐकावयास, त्यावर प्रश्न विचारावयास शिकविणे हेही स्वावलंबनाचेच अंग आहे, ह्याकडे मात्र तितके लक्ष गेले नाही. परदेशी मदत आटल्यावर मंडळ्यांच्या हाती जो हिशेब-व्यवहार आला तो वर पाठविण्याचा होता : परिषदेकडे, मध्यवर्ती कार्यालयाकडे, सरकारकडे. बाजूस बसलेल्या सभासदाकडे कागद फिरविण्याची वहिवाट त्यात नव्हती.

येथे एक विसंगती नजरेत भरते. वणीच्या परिसरात जी परंपरा आली, तिचा उगमच मुळी चर्चच्या पैशासंबंधीच्या भांडणात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास न्यूयॉर्क राज्यातील मेथॉडिस्ट मंडळ्यांत भव्य मंदिरे बांधण्याची चढाओढ लागली व तिचा खर्च भागविण्याकरिता बाके विकण्याची किंवा भाड्याने देण्याची रूढी पडली. पुढची बाके धनिकांची, मागची अथवा बाजूची गरिबांची, असा क्रम उपासनेत शिरला. बी. टी. रॉबर्ट्स ह्या पाळकाने १८५७ मध्ये एका लेखाद्वारे ह्या व तत्सम प्रवृत्तींवर टीका केली. त्यापायी १८५८ मध्ये त्यास परिषदेतून काढण्यात आले आणि १८६० मध्ये पेकिन येथे फ्री मेथॉडिस्ट चर्चची स्थापना झाली. ‘फ्री’ ह्या शब्दात गुलामगिरीस विरोध, उपासनेतील मोकळेपणा असे अनेक अर्थ सामावले आहेत. परंतु त्यांतील एक अगदी रोखठोक अर्थ ‘बाकास भाडे नाही’ असा आहे. उत्पन्नाचा मार्ग कोणता हा केवळ कोषाध्यक्षाचा प्रश्न नसून त्याचा परिणाम उपासनेस बसलेल्या माणसांच्या परस्परसंबंधांवर होतो, हे ह्या पंथाने आपल्या नावातच नोंदवून ठेवले आहे.

त्याहून मागे गेले तर मेथॉडिस्टांची सुप्रसिद्ध वर्गसभाही कर्जफेडीतूनच जन्मास आली असे दिसते. ब्रिस्टल येथील सभागृहाचे कर्ज कसे फेडावे ह्याचा विचार १७४२ मध्ये चालू असता, प्रत्येक सभासदाने आठवड्यास एक पेनी द्यावी अशी सूचना निघाली. अनेकांना तेवढेही शक्य नाही असा आक्षेप आला, तेव्हा फॉय नावाच्या एका गृहस्थाने गरिबांतील गरीब अशा अकरा जणांची जबाबदारी आपल्यावर घेण्याची तयारी दाखविली. ज्यास देता येणार नाही त्याच्या वाटणीचे आपण भरू, असे त्याने सांगितले. पैसे गोळा करण्याकरिता घरोघर जाणाऱ्या ह्या वर्गनायकांना कोणाचे काय चालले आहे हे कळू लागले, आणि वसुलीची व्यवस्था आत्मिक देखरेखीची व्यवस्था बनली. पैशाची माहिती आणि माणसांची माहिती ह्या एकाच फेरीत मिळत. आजच्या मंडळीत वसुली थैलीत होते आणि माहिती वार्षिक सभेत दिली जाते, दिली गेलीच तर. मधली फेरी नाहीशी झाली आहे.

आता कायद्याकडे वळू. विदर्भ मध्य प्रदेशात असताना तेथे १९५१ चा मध्य प्रदेश सार्वजनिक न्यास अधिनियम लागू होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर १९५९ च्या एकीकरण अधिनियमान्वये मुंबईचा १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम ह्या भागास लावण्यात आला. आज तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेच्या त्यातील व्याख्येत देऊळ, मठ ह्यांच्या जोडीने चर्चचाही स्पष्ट उल्लेख आहे. कलम ३२ अन्वये विश्वस्तांनी नियमित हिशेब ठेवावयाचे, कलम ३३ अन्वये ते वर्षअखेर, सामान्यतः ३१ मार्च रोजी, पुरे करून तपासून घ्यावयाचे आणि कलम ३४ अन्वये लेखापरीक्षकाने ताळेबंद व जमाखर्च तयार करून अनियमित, बेकायदा वा अयोग्य खर्च, येणे वसूल करण्यातील हयगय, मालमत्तेचा अपव्यय ह्यांविषयी अहवाल द्यावयाचा, अशी ही योजना आहे. ह्या कायद्याची घटनात्मक कसोटी १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात रतिलाल गांधी विरुद्ध मुंबई राज्य ह्या खटल्यात लागली. काही तरतुदी न्यायालयाने रद्द ठरविल्या, पण नोंदणी व हिशेबतपासणी ह्यांची मूळ चौकट टिकून राहिली.

ही चौकट उपयुक्त आहे, आवश्यकही आहे. मात्र तिने विचारलेला प्रश्न कोणाचा आहे हे ध्यानात घेतले पाहिजे. तो धर्मादाय आयुक्ताचा, म्हणजे राज्यसंस्थेचा प्रश्न आहे : पैसा विश्वस्तव्यवस्थेच्या उद्देशाबाहेर गेला काय? नियमांसोबतच्या आठव्या व नवव्या अनुसूचीतील नमुने ह्याच प्रश्नाच्या उत्तरासाठी आखलेले आहेत. नवव्या अनुसूचीत मालमत्तेवरील खर्च, आस्थापना, विश्वस्तांचे मानधन, कायदेशीर खर्च, तपासणी-शुल्क, घसारा आणि शेवटी धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय, गरिबांस साहाय्य अशा उद्देशांवरील खर्च ही शीर्षके येतात. मठ असल्यास मठाधिपतीच्या मानधनास स्वतंत्र ओळ आहे, पाळकास नाही. पाळकाचे वेतन आस्थापनेत घालावे की धार्मिक उद्देशांत, हे हिशेबनीसावर अवलंबून राहते. एका वर्षी ते एका शीर्षकाखाली व दुसऱ्या वर्षी दुसऱ्या शीर्षकाखाली गेले, तर आकडे खरे असूनही ‘धार्मिक कार्यावरील खर्च एकदम निम्म्यावर कसा आला?’ असा संशय सभासदाच्या मनात उभा राहील, आणि तो संशय त्याच्या बाजूने रास्तच असेल.

सभासदाचा प्रश्न निराळा आहे. चालू खर्च आपल्या अर्पणातून भागतो काय? अमुक कामासाठी म्हणून दिलेले पैसे त्याच कामासाठी शिल्लक आहेत काय? बाहेरचे उत्पन्न उद्या थांबले तर काय बंद पडेल? ह्या प्रश्नांची उत्तरे कायदेशीर ताळेबंदात असतात, पण ती विखुरलेली असतात व बहुधा इंग्रजीत असतात. एका कल्पित उदाहरणाने हे स्पष्ट होईल.

शंभर घरांची एक मंडळी घ्या. वर्षाचे रविवारचे अर्पण १,८०,००० रुपये, कापणीच्या सणाचे अर्पण ७०,०००, आवारातील दोन दुकानगाळ्यांचे भाडे १,१०,००० आणि मंदिराच्या छपराकरिता खास गोळा केलेली वर्गणी २,४०,०००. एकूण जमा ६,००,०००. खर्चाच्या बाजूस पाळकाचे वेतन २,१६,०००, वीज, सफाई व किरकोळ ५४,०००, परिषदेचा वाटा ४०,०००, गरजू कुटुंबांस मदत २०,००० आणि छपराचे आजवर झालेले काम ९०,०००; एकूण ४,२०,०००. वार्षिक सभेत कोषाध्यक्ष उभा राहून जमा सहा लाख, खर्च चार लाख वीस हजार, शिल्लक एक लाख ऐंशी हजार असे वाचतो व बसतो. सभासद समाधानाने घरी जातात. पुढच्या रविवारी थैली थोडी हलकी झाली तर नवल नाही.

वस्तुतः त्या शिल्लकेपैकी १,५०,००० रुपये छपराचे आहेत व ते दुसऱ्या कशालाही लावता येत नाहीत. मोकळी शिल्लक केवळ ३०,००० आहे. तीही गाळ्यांच्या भाड्यामुळे. भाडे वजा केले तर सभासदांचे चालू अर्पण २,५०,००० आणि चालू खर्च ३,३०,०००, म्हणजे ८०,००० रुपयांची तूट आहे. ‘एक लाख ऐंशी हजार शिल्लक’ आणि ‘ऐंशी हजार तूट’ ही दोन्ही विधाने एकाच वहीतून निघतात आणि दोन्ही खरी आहेत. पहिले आयुक्तास पुरेसे आहे, दुसरे सभासदास हवे आहे. हेच आणखी एका प्रकारे सांगता येते : मंडळीचा चालू खर्च दर घरामागे महिन्यास २७५ रुपये पडतो, आणि घरे सरासरीने देतात सुमारे २०८. हे वाक्य निरक्षर वृद्धेसही कळते. सरासरी हे मात्र सर्वांवर सारखे बसविण्याचे मोजमाप नव्हे, हे त्याच दमात सांगितले पाहिजे. अन्यथा ब्रिस्टलच्या पेनीवर आलेला आक्षेप येथेही येईल.

ह्यावरून सभासदांसाठीच्या हिशेबाची मांडणी कशी असावी हे बरेचसे ठरते. चालू व्यवहार आणि खास कामांचे निधी ह्यांची सरमिसळ नसावी. प्रत्येक निधीपुढे आरंभीची शिल्लक, आलेले, खर्चिलेले व उरलेले असे चार आकडे असावेत. मंडळीचे स्वतःचे अर्पण आणि भाडे, व्याज, अनुदान हे बाहेरचे उत्पन्न वेगळे दिसावे. परदेशी देणगी असेल तर तिचे खाते कायद्यानेच वेगळे असते. सभासदांच्या कागदावरही ते तसेच वेगळे राहावे. मागील वर्षाचा आकडा शेजारी असावा. ‘किरकोळ’ आणि ‘तसलमात’ ह्या दोन शीर्षकांविषयी विशेष जपावे. तसलमात हा जुना, प्रामाणिक शब्द आहे, पण कोणाकडे, कशासाठी व कधीपासून हे सांगितल्याविना तो वाचला गेला की ऐकणाऱ्याच्या कपाळास आठी पडते.

किती सांगावे ह्याचप्रमाणे कोणाविषयी सांगू नये हाही प्रश्न आहे. आपल्याकडे वर्गणीदारांची नावे रकमेसह फलकावर लावण्याची प्रथा गणेशोत्सवापासून शाळेच्या इमारतीपर्यंत सर्वत्र आहे व ख्रिस्ती मंडळ्याही तिला अपवाद नाहीत. हिशेबाचा उघडेपणा म्हणून तिचे समर्थन होते. परंतु येथे दोन गोष्टींची गल्लत होते. पावतीपुस्तकातील नोंदी जमेच्या बेरजेशी जुळतात की नाही हे दोन-तीन निवडलेल्या सभासदांनी पाहिले म्हणजे उघडेपणाचे काम होते; कोणी अकरा हजार दिले व कोणी अकरा रुपये, हे सर्वांसमोर वाचल्याने हिशेब अधिक खरा होत नाही, माणसांची प्रतवारी मात्र होते. रॉबर्ट्सने ज्या भाड्याच्या बाकांविरुद्ध लेखणी उचलली ती बाके अशा वाचनाने पुन्हा मांडली जातात, फक्त ती लाकडाची नसतात. पाळकाच्या वेतनाची गोष्ट उलट आहे. संकोचापोटी ते ‘आस्थापना’ ह्या शब्दाआड ठेवण्याकडे कल असतो. मात्र ते मंडळीच्या खर्चातील सर्वांत मोठे कलम असते आणि लपविलेली रक्कम लोकांच्या बोलण्यात नेहमी खऱ्या रकमेहून मोठी असते. वेतन, निवास व प्रवास मिळून एकूण किती हे उघड सांगितले तर पाळकाचे हित होण्याचाच संभव अधिक. पुष्कळ ठिकाणी ते किती अल्प आहे हे कळून सभासद ओशाळतील.

हिशेब ठेवणाऱ्यावर विश्वास असतानाही तो इतरांसमोर मांडावा, ह्यास ख्रिस्ती परंपरेत आधार शोधावा लागत नाही. यरुशलेमेतील गरिबांकरिता जमविलेला निधी नेताना पौलाने मंडळ्यांनी निवडलेले सोबती बरोबर घेतले व त्याचे कारण करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात दिले : एवढ्या मोठ्या रकमेबाबत कोणास बोट दाखविण्यास जागा राहू नये. येथे पौलावर कोणी आरोप केला होता म्हणून ही खबरदारी नव्हती. ती आरोपापूर्वीची आहे. ‘आमच्यावर विश्वास नाही काय?’ हे जे वाक्य पुष्कळ वार्षिक सभांत चर्चा थांबविते, त्यास ह्याहून समर्पक उत्तर देता येईलसे वाटत नाही.

वेळेचा विचार फारसा कोणी करीत नाही, पण वणीसारख्या मुलखात तो महत्त्वाचा आहे. कापसाची वेचणी दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन पुढे माघ-फाल्गुनापर्यंत चालते. शेतकरी सभासदाच्या हातात पैसा त्या चार महिन्यांत असतो. हिशेबाचे वर्ष ३१ मार्चला संपते, तपासणी होऊन अहवाल यावयास पावसाळा उजाडतो. म्हणजे तूट असल्याचे वर्तमान शेतकऱ्यास कळते ते बी-बियाण्यासाठी तो स्वतः उसनवारी करीत असताना. खाणीत वा सरकारी नोकरीत असलेल्या सभासदाचे तसे नाही. त्याचा पैसा दरमहा येतो, त्यास तिमाही कागद सोयीचा. एकाच मंडळीत दोन पंचांगे चालतात असे म्हणावयास हरकत नाही. ह्यावर उपाय अवघड नाही. पौष-माघात, अपरीक्षित का होईना, एक अंतरिम जमाखर्च मंडळीसमोर ठेवावा व तो अपरीक्षित आहे हे स्पष्ट सांगावे. गावातील सेवा सहकारी सोसायटीच्या किंवा पतसंस्थेच्या सभेत ज्याने अहवाल व ताळेबंद पाहिला आहे, त्यास ही भाषा परकी नसते. तेथे तो लाभांशाविषयी प्रश्न विचारतो, मंदिरात मात्र गप्प बसतो, कारण तेथे प्रश्न विचारणे अश्रद्धेचे लक्षण मानले जाईल अशी त्यास धास्ती असते. म्हणून हिशेबाचे वाचन उपासनेच्या शेवटी घाईघाईने न उरकता स्वतंत्र बैठकीत व्हावे, कागद आठवडाभर आधी मराठीत फलकावर लागावा आणि प्रश्न लिहून देण्याची सोय असावी. स्त्रिया अशा बैठकीस हजर राहतील अशी वेळ निवडणे हेही त्यातच आले. घरातील अर्पणाची रक्कम पुष्कळदा त्याच बाजूला काढून ठेवतात.

सर्वांत नाजूक बाब स्थावर मालमत्तेची आहे. मिशनने मागे ठेवलेल्या जमिनी व इमारती आणि मंडळीचे साप्ताहिक अर्पण ह्यांत प्रमाण असे नसतेच. ज्या आवाराची बाजारकिंमत कोट्यवधी रुपये झाली आहे, त्यातील मंदिराचे वीजबिल भरताना पंचकमिटीस विचार पडतो. जमाखर्चात ह्या मालमत्तेची खूण फक्त भाड्याच्या एका ओळीत आणि ताळेबंदात पुस्तकी किमतीत, म्हणजे कित्येकदा दशकांपूर्वीच्या आकड्यात, दिसते. शिवाय मेथॉडिस्ट परंपरेत स्थानिक मंडळीचे आवार सबंध चर्चच्या वतीने विश्वस्त म्हणून धारण केले जाते. ज्या वास्तूची वीट आपल्या आजोबांनी वाहिली तिचा मालक आपण नव्हे, हे अनेक सभासदांस पहिल्यांदा कळते ते एखादा विक्रीचा प्रस्ताव निघाल्यावर. कलम ३६ अन्वये विक्री, अदलाबदल वा देणगी, तसेच शेतजमिनीचा १० वर्षांहून आणि अन्य जमिनीचा वा इमारतीचा ३ वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा ह्यांस धर्मादाय आयुक्ताची पूर्वमंजुरी लागते. ही तरतूद मालमत्तेचे रक्षण करते. सभासदास वेळेवर माहिती मिळेलच अशी हमी देत नाही.

माहितीच्या अभावी प्रकरण कोठवर जाते ह्याचे उदाहरण ह्याच अधिनियमाखाली गुजरातेत घडले. तेथील फर्स्ट डिस्ट्रिक्ट चर्च ऑफ द ब्रेद्रेन ह्या संस्थेने १९७० मध्ये, नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील होण्याचा ठराव केला. मालमत्ता त्या ठरावाने नव्या चर्चकडे गेली की नाही ह्यावरून दोन पक्ष पडले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे प्रश्न दिवाणी न्यायालयात नव्हे तर विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या यंत्रणेपुढे सोडविले पाहिजेत असे ठरविले, आणि २०१३ मध्ये, केवळ ठराव केल्याने नोंदलेली विश्वस्तव्यवस्था संपत नाही व तिची मालमत्ता दुसरीकडे जात नाही, असा निर्णय दिला. ठराव आणि अंतिम निर्णय ह्यांत ४३ वर्षे गेली. ह्या अवधीत एक अख्खी पिढी उपासनेस बसत होती आणि ज्या छताखाली ती बसत होती ते नोंदवहीत कोणाच्या नावे आहे, ह्याविषयी तिच्यात दोन मते होती. नोंदवहीतील उताऱ्याची मराठी प्रत, विश्वस्तांची नावे, मालमत्तेची यादी व चालू भाडेपट्ट्यांच्या मुदती ही चार पाने दरवर्षीच्या जमाखर्चास जोडावयाची तर फार तर अर्ध्या दिवसाचे काम आहे. वणीसारख्या ठिकाणी यवतमाळच्या सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून त्यांतील बराचसा भाग नकलेच्या रूपाने मिळू शकतो, आणि तो अर्ज करण्यासाठी वाद उत्पन्न होण्याची वाट पाहावी लागत नाही.